सात सुया आणि सव्वासातची बस

"सूनबाई, सासूबाईंचे डोळे दाखवून घे एकदा," असं तळमजल्यावरची शिवणवाली तिला म्हणाली, तेव्हा तिच्या एका हातात भाजीची पिशवी होती, दुसऱ्या हातात लेकीची चप्पल होती आणि लेक जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून अनवाणी उडी मारायच्या बेतात होती. अशा वेळी कोण कोणाचं ऐकतं?

"का हो मावशी, काय झालं?"

"सुया ओवून नेतात माझ्याकडून. आधी एखादी असायची. आता रोज सकाळी चिंधीवर सात टोचून आणतात. पांढरा, काळा, निळा, सगळे दोरे ओवून घेतात आणि मगच वर जाऊन बटणं लावतात."

शिवणवालीच्या दुकानातल्या सदऱ्यांना काजं-बटणं करायचं काम सासूबाईंकडे असायचं. पैशांसाठी नव्हे, हात रिकामे राहिले की त्यांना चैन पडत नसे म्हणून. तिनं हसून म्हटलं, "अहो, तेवढंच तुमच्याशी बोलणं होतं त्यांचं. सुया निमित्ताला."

"बोलणं होतं ते खरंच," शिवणवाली म्हणाली. "दोरा काय, मी जन्मभर ओवून देईन. पण जिन्यात मी नसते ना गं."

तेवढ्यात लेकीनं उडी मारलीच. पुढचं बोलणं तिच्या गुडघ्याला फुंकर घालण्यात गेलं, आणि मावशींना उगाच घोर लावून घ्यायची सवय आहे असं ठरवून ती वर आली. याला आता दीड वर्ष झालं.

बेफिकीर म्हणावी अशी ती मुळीच नव्हती. उलट काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. बाटलीवरचं नाव दोनदा वाचायचं, कागदावरचं दोनदा, आणि मग पुन्हा बाटलीवरचं, ही तिथली रीत तिनं घरी आणली होती. दाराची कडी, गॅसचं बटण, लेकीच्या औषधाची तारीख, सगळं दोनदा. लेकीचं नाव सगळ्यांनी ठिणगी पाडलं होतं, कारण जिथे पडेल तिथे काहीतरी पेटवायची. ठिणगी चार वर्षांची होईपर्यंत तिला सर्दी होण्याआधी आईला कळायचं की सर्दी होणार आहे. घरात एवढी पहारेकरीण असताना दुसऱ्या कोणाचं काही नजरेतून सुटेल, असं कुणाच्या मनातही आलं नसतं. तिच्या स्वतःच्या तर नाहीच.

दुपारी बारा ते पाच ठिणगी आजीजवळ असायची. त्या पाच तासांवर घर उभं होतं. नवरा दोन तासांच्या अंतरावर एका पुलाच्या बांधकामावर होता, तिथेच राहायचा, रविवारी यायचा. शेजारणी पाळणाघरांची नावं एकमेकींना विचारत फिरत आणि ही नुसती ऐकून घेत असे. तिला विचारायची गरजच नव्हती. आजी होती.

त्या आजीनं सून घरात आल्यापासूनच्या सात वर्षांत तिच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. एका संध्याकाळी मटार सोलता सोलता त्या म्हणाल्या, "मला तलाव बघायचाय."

"कुठला तलाव?"

"आमचा. तुझे सासरे धरणावर होते तो."

लग्नानंतरची पहिली चार वर्षं सासूबाईंनी त्या धरणाजवळच्या दोन खोल्यांत काढली होती. सासरे तिथे पाण्याची पातळी मोजायचे. रोज सकाळी सहाला घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, पांढऱ्या पट्टीवरचा काळा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. एका वर्षी ते तीन महिने तापानं अंथरुणाला खिळले, तर सासूबाईंनीच तो आकडा वाचला, लिहिला आणि खाली नवऱ्याची सही ठोकली. "वरच्यांना अजून माहीत नाही," असं त्या दर वेळी हळू आवाजात सांगत, जणू अजून कोणी चौकशीला येणार होतं.

"जाऊ की," ती म्हणाली. "ठिणगी जरा मोठी झाली की..."

"यंदाच," सासूबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग सोलली.

मग काय, सूनबाईंनी फाइल उघडली.

ठिणगीला गाडी लागायची. वळणाच्या रस्त्यावर अर्धा तास झाला की पोटातलं सगळं बाहेर. म्हणून पूर्ण प्रवास गाडीनं करणं बाद. बस आणि आगगाडी मात्र तिला मानवत, कारण तिथे बघायला माणसं असतात. तेव्हा बेत असा ठरला: शनिवारी सकाळी घराजवळच्या स्टँडवरून सव्वासातची बस, ती नऊ पाचला बाजाराच्या गावात. तिथून नऊ चाळीसची छोटी गाडी, तीन डब्यांची, ती साडेअकराला तलावाकडच्या स्टेशनवर. तिथे नवरा आपली गाडी घेऊन उभा असेल. उरले चौदा किलोमीटर, म्हणजे उलटीच्या आत आटोपणारे. धरणाच्या विश्रामगृहात एक रात्र, आणि रविवारी उलट क्रमानं घरी. ना गर्दी, ना धावपळ. तिला हवी होती तशी निवांत सहल.

तिनं वेळांचा तक्ता केला. मधल्या वेळेत काय खायचं, शू कुठे करायची, पाऊस आला तर काय, ताप आला तर काय, टायर बसला तर काय, प्रत्येकाला वेगळं पान. नवऱ्यानं रविवारी ती फाइल चाळली आणि आईला विचारलं, "आई, आपण तलाव बघायला चाललोय की जिंकायला?"

"तू वेळेवर उभा राहा म्हणजे झालं," सासूबाई म्हणाल्या. "तुझे बाबा लग्नातसुद्धा उशिरा आले होते."

बसची वेळ तेवढी पक्की होत नव्हती. मोबाइलवरचं वेळापत्रक तीन वर्षांपूर्वीचं होतं, आणि चौकशीच्या फोनवर घंटी वाजत राहायची. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही दोघी रोज संध्याकाळी स्टँडपर्यंत चालत जातोच. फळ्यावरच्या वेळा मी उतरवून आणते."

आणि आणल्या. वहीच्या एका पानावर चारच वेळा, जाड पेनानं, ठळक आणि मोठ्या आकड्यांत. ७.१५. ८.५०. ११.३०. २.२०. आकडे केवढे मोठे काढलेत, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच वाटलं की माझ्या घाईसाठीच काढले असतील. तिनं तोंड उघडलं होतं, "मी लॅबमधून येताना एकदा..." पण सासूबाईंचा चेहरा बघून ते मिटलं. मागच्याच आठवड्यात ठिणगीच्या औषधाचे थेंब तिनं पुन्हा मोजले म्हणून सासूबाई दिवसभर गप्प होत्या. एक गोष्ट तरी आपण तपासायची नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. सगळ्या फाइलमध्ये तेवढं एकच पान तिनं दोनदा वाचलं नाही.

शनिवारी सात वाजता तिघी स्टँडवर हजर. दोन पिशव्या, एक छत्री, ठिणगीच्या पाठीवर तिची स्वतःची इवलीशी पिशवी, तिच्यात एक डबा आणि कापडी ससा. सव्वासात झाले. साडेसात झाले. फलाटावर एक कुत्रं आणि झाडूवाला, बाकी शुकशुकाट. ती उठून फळ्यापाशी गेली.

फळा भिंतीवर जरा उंचच होता. ७.१५ तिथे होतंच. आणि त्याच्या शेजारी, लाल रंगात, चांगल्या वीतभर अक्षरांत लिहिलं होतं: शनिवारी बंद.

वीतभर अक्षरं. रस्त्यापलीकडूनही वाचता आली असती.

"आई," ती परत येऊन म्हणाली, शक्य तितक्या शांतपणे, "त्यावर शनिवारी बंद लिहिलंय. तुम्हाला दिसलं नाही का?"

सासूबाई पिशवीचा बंद सारखा करत राहिल्या. उत्तर ठिणगीनं दिलं.

"ते लाल ना? ते मला येत नाही. ती अक्षरं आहेत."

"तुला म्हणजे?"

"आजी मला उचलते. मी आकडे वाचते आणि आजी लिहिते. मला शंभरपर्यंत येतात. अक्षरं शाळेत शिकवणारेत." मग आठवल्यासारखं करून तिनं तोंडावर हात ठेवला आणि आजीकडे बघितलं. "आजी, हे गुपित होतं का गं?"

एवढ्यात चौकशीच्या खिडकीतला माणूस चहाचा कप घेऊन बाहेर आला. "काय आजी, आज वही नाही आणली?" मग सुनेकडे वळून, कौतुकानं, "नात हुशार आहे हो तुमच्या घरची. रोज येते, बसचे नंबर वाचून दाखवते. आजी नुसत्या म्हणतात, वाच गं राणी, ही कुठली आली?"

आपण कौतुक केलं त्याला कोणी हसलं कसं नाही, याचा विचार करत तो आत निघून गेला.

ती बाकावर बसली. तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या दीड वर्षातल्या दुपारी एकामागून एक जायला लागल्या. कपात चहा ओतताना काठावर ठेवलेलं बोट. तिन्हीसांज झाली की जिना टाळायला काढलेली सबब. चिंधीवरच्या सात सुया. सगळं तिच्यासमोर घडलं होतं आणि तिनं बघितलंही होतं. दोनदा वाचलं नव्हतं, इतकंच. आणि मग तिला आठवला गॅस, आठवला जिना, आणि स्टँडपर्यंतचा तो रुंद रस्ता, रोज संध्याकाळी.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"डावा केव्हाचाच. दुधात बघितल्यासारखं. उजवा यंदा."

"आणि पोरीला घेऊन रस्ता ओलांडता तुम्ही?"

"कडेला उभं राहायचं, आवाज पूर्ण थांबू द्यायचा. मग ती म्हणते चल, मी म्हणते थांब, आणि दोघींचं जमलं की जातो." सासूबाईंचा आवाज अजून खाली गेला. "गॅसला तू गेल्यावर हात लावत नाही मी. तू भरून ठेवतेस ते डब्यातलं गारच खातो आम्ही. पोरीला ओरखडा तरी आलाय का कधी, सांग."

आला नव्हता. तिच्याच देखरेखीखाली ठिणगीचे गुडघे चार वेळा फुटले होते. आजीजवळ एकदाही नाही.

"मला सांगितलं का नाहीत, आई?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

तिनं छत्री उचलून पुन्हा बाकावर ठेवली.

"सोमवारी पाळणाघर," सासूबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं त्यांनी. "आणि चूक नसती तुझी. मीही तेच केलं असतं. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. डोळे गेले, आणि दुसऱ्या दिवशी घरानं त्यांच्या हातातली सगळी कामं काढून घेतली, प्रेमानं. मग अकरा वर्षं खुर्चीत. माझे जाणारच आहेत तर म्हटलं, आधी पाणी बघून घ्यावं. आणि तोवर दुपारी असू द्याव्यात माझ्याकडे."

ठिणगी दोघींच्या मधे येऊन बसली होती. तिनं सशाचा एक कान आजीच्या हातात दिला, दुसरा आईच्या.

फाइलमध्ये याचं पान नव्हतं. तिनं शनिवारचा तक्ता काढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. तिला वाटत होतं, आत्ताच्या आत्ता रिक्षा करावी आणि डोळ्यांचा दवाखाना गाठावा. मग तिनं सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी आपला ठेवणीतला राखाडी स्वेटर घातला होता आणि बटणं एक घर चुकवून लावली होती. दुसऱ्यांच्या सदऱ्यांना हजारो बटणं लावलेल्या बाईनं.

ती पुढे झाली आणि बटणं काढून नीट लावून दिली. "आठ पन्नासची बस आहे," ती म्हणाली. "ती चालू आहे, मी वाचलं. आज पाणी बघू. सोमवारी डॉक्टर. यात घासाघीस नाही."

"आणि मंगळवारी?" सासूबाईंनी विचारलं.

"मंगळवारचं मला अजून माहीत नाही, आई. खरं सांगते."

तिनं नवऱ्याला फोन केला. आठ पन्नासची बस बाजारात पोचेपर्यंत छोटी गाडी निघून गेलेली असणार होती, तेव्हा त्यालाच साठ किलोमीटर पुढे यावं लागणार होतं. "का, काय झालं?" त्यानं विचारलं. "भेटल्यावर सांगते," ती म्हणाली. "आणि प्लास्टिकच्या पिशव्या आण. पाच तरी."

लागल्या चार. ठिणगीनं प्रत्येक घाटात इमानेइतबारे आपलं काम केलं आणि मधल्या सपाटीवर गाणी म्हटली. नवरा आरशातून पुन्हा पुन्हा आईकडे बघत होता. तिनं त्याला बाजाराच्या गावात गाडीच्या टपापाशी उभं राहून सगळं सांगितलं होतं, आणि त्यानं कितीतरी वेळ नुसती किल्ली हातात फिरवली होती. आता तो म्हणाला, "आई, म्हणजे गेल्या रविवारी मला किती छान दिसतोस म्हणालीस, ते या दाढीला बघून नव्हे..."

"तू दाढी ठेवलीयस?" सासूबाई म्हणाल्या.

गाडीत पहिल्यांदा हसू आलं. ठिणगी उलटीच्या मधेच हसली, त्याचा व्हायचा तो परिणाम झाला.

वाटेत जेवून, थांबत थांबत तलावावर पोचेपर्यंत चार वाजले होते. वारा पडलेला, एकही माणूस दिसत नव्हता. घाटाच्या पायऱ्या तशाच होत्या. सासूबाईंनी चपला काढल्या आणि त्या एकट्याच उतरायला लागल्या. ती धावलीच, हात धरायला. मग एक पायरी मागे राहिली. सासूबाईंच्या पावलांना पायऱ्या पाठ होत्या. अकराव्या पायरीवर त्या आपोआप उजवीकडे सरकल्या, जिथे दगड फुटलेला होता.

पाण्याशी थांबून त्या म्हणाल्या, "ठिणगे, पट्टी दिसते का? पांढरी, पाण्यात उभी."

"दिसते."

"पाणी टेकलंय तिथला आकडा वाच."

ठिणगीनं डोळे बारीक केले. "त्रेसष्ट. नाही, चौसष्टला थोडं कमी."

"चांगलं आहे मग यंदा," सासूबाई म्हणाल्या. त्या समोर बघत होत्या. समोर त्यांना एक मोठं, उजळ, काठ नसलेलं काहीतरी दिसत असावं. मग त्यांनी विचारलं, "रंग कसला आहे गं आज?"

हे ठिणगीला नव्हतं, सुनेला होतं. ती सासूबाईंच्या शेजारच्या पायरीवर बसली.

"काठाला मातकट," ती म्हणाली. "मग हिरवा, बाटलीच्या काचेसारखा. मधे राखाडी, तुमच्या स्वेटरचा. पलीकडे तीन झाडं आहेत, त्यातलं एक वाकलंय."

"वाकलंय? तेव्हा सरळ होतं."

"आता वाकलंय. त्याच्यावर पक्षी बसलेत. पांढरे. थांबा, मोजते." तिनं मोजले. सवयीनं दोनदा मोजले. "सतरा."

"सतरा," सासूबाई म्हणाल्या, वहीत लिहून घ्यावं तसं.

ऊन पाण्यावरून उतरेपर्यंत ती सांगत राहिली. जन्मभर सगळ्याकडे बारीक लक्ष ठेवण्याचा तिला असा उपयोग आजवर झाला नव्हता.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. तो निघाला, आणि तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी मुलाला दाढी काढायला लावली. डाव्या डोळ्यातही तो होताच, पण त्याच्या मागे दाब वाढून नस वाळत चालली होती. राहिलंय ते थेंबांनी टिकेल, गेलंय ते येणार नाही. "वर्षभर आधी आला असतात तर," एवढं म्हणून डॉक्टरीणबाई कागदावर लिहायला लागल्या. ते अर्धं वाक्य ती घरी घेऊन आली, आणि ते अजून तिच्याजवळ आहे.

मंगळवारचा प्रश्न महिनाभर चालला. ऑपरेशनचा डोळा बरा होईपर्यंत तिनं रजा टाकली. पाळणाघराचा फॉर्म आणला, भरला आणि फाइलमध्ये ठेवून दिला. मग एक दिवस ती खाली शिवणवालीकडे गेली, दीड वर्षापूर्वी हसण्यावारी नेलेलं बोलणं कबूल करायला.

"मावशी, तुम्ही म्हणाला होतात."

"म्हटलं होतं खरं," शिवणवाली म्हणाली. आणि शेजारचं स्टूल तिच्याकडे सरकवलं. हे तिचं मोठेपण.

आता दुपारी आजी आणि ठिणगी दुकानातच बसतात, मशीनच्या पलीकडे, जिना वर आणि रस्ता दूर. जेवण गरम असतं. स्टँडवर जायचं ते पाचनंतर, तिघींनी. पाच तासांतले पाचही तास आजीचेच आहेत, फक्त दार उघडं असतं. आजी सुया स्वतः ओवते, सातपैकी पाच तरी. उरलेल्या दोन ठिणगी ओवते आणि त्याबद्दल गोष्ट वसूल करते. मागच्या आठवड्यात तिनं फळ्यावरची लाल अक्षरं पहिल्यांदा स्वतः वाचली आणि सबंध स्टँडला ऐकवली.

हे सगळं कुणाला सांगून झालं की ठिणगीची आई समोरच्याला एकच गोष्ट मागते. तुमच्याही घरात कोणीतरी असेल, जे कधीच काही मागत नाही. ते फळा वाचायला नातवंडाला उचलत असेल, कपाच्या काठावर बोट ठेवत असेल, तिन्हीसांजेला जिना टाळत असेल. तुम्ही ते बघितलंही असेल. आज जरा त्यांच्याशेजारी जाऊन बसा आणि खिडकीबाहेर बोट दाखवून विचारा, ते समोरचं झाड सरळ आहे की वाकलंय. आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.